सोमवारच्या बाटल्या

वलवणला धरणाच्या बाजूला एक बंगला आहे. त्याची राखण मी चौदा वर्षं करतोय. मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, तिथं मी, बायको आणि आमची मुलगी राहतो. शुक्रवारी पाव्हणे येतात, रविवारी संध्याकाळी जातात आणि सोमवारी सकाळी आम्ही दोघं बंगला साफ करतो. पाव्हणे काय काय विसरून जातात. चार्जर, टॉवेल, एकदा तर एकजण कवळी विसरला होता. बाटल्या मात्र ते मुद्दाम सोडून जातात, पुन्हा गाडीत कशाला न्या म्हणून. उरलेली राखणदाराची, हा इकडच्या बंगल्यांचा रिवाज.

त्यामुळं मी आयुष्यात कधी दारू विकत घेतली नाही. हे मी छाती पुढं काढून सांगायचो. माझा थोरला भाऊ आंदर मावळात भातशेती करतो. तो गुत्त्यावर पैसे टाकून प्यायचा, म्हणून तो बेवडा. मी त्याला खंडोबाच्या देवळात नेऊन भंडारा उचलायला लावला होता, यापुढं शिवणार नाही म्हणून. आठवड्याच्या आत त्यानं शपथ मोडली. तेव्हा मी त्याला चारचौघांत जे बोललो, ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. त्या दिवशीही माझ्या पोटात दोन पेग होते. फुकटचे, म्हणून मी ते धरलेच नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीआधी मालकांनी बंगला रंगवायला काढला. तीन आठवडे पाव्हणे बंद. पहिला आठवडा माझ्या साठ्यावर निघाला. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी साठा संपला आणि बुधवारी सकाळी चहाचा कप हातात ठरेना. अर्धा चहा लेंग्यावर सांडला. अंगाला घाम फुटला, पोट ढवळायला लागलं. रंगाच्या वासानं होतंय, असं मी बायकोला सांगत होतो. रंगारी त्याच वासात बसून मजेत डबा खात होते.

जिन्याखाली भंगारवाल्यासाठी रिकाम्या बाटल्यांची पोती ठेवलेली असतात. दुपारी मुलगी शाळेत होती, बायको मागं कपडे धूत होती. मी जिन्याखाली बसलो आणि एकेक बाटली स्टीलच्या पेल्यात उपडी धरू लागलो. एकीतून चार थेंब, दुसरीतून काहीच नाही. बिअर, व्हिस्की, कसली तरी गोड लाल दारू, सगळं एकत्र. एकीतून सिगारेटचं थोटूक पडलं. ते मी बोटानं काढून टाकलं आणि पुढची बाटली घेतली. मला जरासुद्धा किळस आली नाही, हे मी कधी विसरणार नाही.

पेला निम्मा भरला, पण तोंडाशी नेताना हिंदकळायला लागला. वर बघितलं तर बायको उभी. मला वाटलं, आता पेला भिरकावणार. ती खाली बसली, माझ्या हातावर हात धरला आणि पेला माझ्या तोंडाला लावला. मुलगी लहान असताना तिला औषध पाजायची, तसा. मी प्यालो. तिच्या देखत, तिच्या हातानं. माझा हात थरथरायचा थांबला तेव्हा मला रडू फुटलं.

"उद्याच भंडारा उचलतो," मी म्हणालो.

"भंडारा नको. थोरल्या भावजींनी उचलला व्हता, काय झालं त्येचं? दवाखान्यात चला."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज किती घेता?"

मी म्हणालो, "मॅडम, विकत कधीच घेतली नाही."

बायकोनं मान खाली घातली. बाईंनी मला दोन्ही हात पुढं करायला सांगितले आणि ते बघून पुन्हा काही विचारलं नाही. एकदम बंद केलीत तर फिट येऊ शकते म्हणाल्या आणि दाखल करून घेतलं. आठ दिवसांनी घरी सोडताना गोळ्या दिल्या आणि दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायला सांगितलं. बैठकीत एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, सगळ्यात आधी दारूपासून लांब राहा. मला हसू आलं. नोकरी सोडली तर खोल्या जातात, आणि मुलीची दहावी इथल्या शाळेत. मी लांब जायचं कुठं?

रंग सुकला, पाव्हणे येऊन गेले आणि सोमवार उजाडला. मी कुलूप काढलं, दार जरासं लोटलं आणि तो वास आला. पाय पुढं जाईना, मागंही येईना. मी किल्ली बायकोच्या हातात दिली.

"तू आधी जा. सगळ्या ओतून ये."

तिनं आतून कडी लावली. मी पायरीवर बसलो. बेसिनमध्ये ओतल्याचा आवाज बाहेर येत होता. कुठली निम्मी होती, कुठली जवळजवळ भरलेली, मला आवाजावरून कळत होतं. एक तरी ठेव गं, असं मनात आलं. बहुतेक मी ते मोठ्यानं म्हणालो, कारण आतला आवाज थांबला.

मग तिनं नळ सोडला, पूर्ण. त्याच्याखाली बाकीचं काही ऐकू येईना.

तेव्हापासून किल्ली तिच्याकडेच असते. दर सोमवारी ती आत जाते, कडी लावते, आधी नळ सोडते आणि मग ओतते. मी पायरीवर बसून राहतो. पाणी वाहायला लागलं की अजूनही उठून दार वाजवावंसं वाटतं.