सुकाने जपलेले टायर

सरावलीहून आम्हा पॅकिंगवाल्या बायकांना कारखान्यात नेणारी इको सुकादादा चालवायचा. माणूस डोंगराकडचा, त्याच्या पाड्यातला पहिला ड्रायव्हर. गाडी धर्मेश शेठची. पण सुकाला टायरांशी झटताना बघून नवख्याला वाटावं, गाडी याचीच.

सकाळी टायर गार असतानाच तो हवा तपासायचा. आम्ही जमेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हरने खाचांतले खडे काढत बसायचा. चारही टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाकं मागे, मागची पुढे करायचा. ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर एकेक खड्डा असा चुकवायचा की आमच्यातली दीपिका ओरडायची, "दादा, गाडी हाय का वरात? खाडा पडंल आमचा!"

"टायर तुजा बापूस देल काय?" सुका म्हणायचा.

एवढं जपण्याला कारण होतं. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा शेठने नारळ फोडला, अर्धा सुकाच्या हातात दिला आणि म्हणाला, "नवी घेतली की ही तुझी. पगारातून फेड हळूहळू." पाड्यावर देवासमोर नारळ फुटला, दोघांनी खाल्ला, की बोलणं पक्कं. कागद कोण मागतो? मीही तिथे हात जोडून उभी होते. मलाही ते खरंच वाटलं.

नवी गाडी आली आणि त्याच आठवड्यात जुनी बघायला चिंचणीचा एक जण आला. खाली वाकून त्याने टायरांवरून बोट फिरवलं. कडा शाबूत, कुठे फुगवटा नाही. शेठ कौतुकाने म्हणाला, "टायर बघा, गाडी कशी वापरलीय ते कळेल." सुका शेजारीच उभा होता. संध्याकाळी गाडी गेलीसुद्धा.

"शेठ, ती मला देनार होते ना?"

"अरे, असं गिऱ्हाईक चालून आल्यावर कोण सोडतं? तुला नवी दिली ना चालवायला!"

सुकाने चावी घेतली.

या नव्या गाडीची हवा कोणी बघत नाही. खड्डा आला की चाक सरळ खड्ड्यात. पुढच्या डाव्या टायरची आतली बाजू घासून गुळगुळीत झालीय, तारा दिसतात. परवा मी त्याला दाखवलं.

"सुकादादा, हा फुटेल हं एखाद्या दिवशी."

"फुटू दे. शेठचा हाय."

"आणि आत आम्ही बसतो त्याचं काय?"

त्याने दार ओढलं आणि गाडी सुरू केली. मी शेठला फोन केला, तर तो म्हणतो, नव्या गाडीचे टायर इतक्यात कुठे जातात?

आमच्या पाळीच्या वेळेला दुसरी गाडी नाही. म्हणून चढतो त्यातच. बसले की मी देवाचं नाव घेते. पण खरं सांगते, मन लागत नाही. शेठची चीड येते, आणि तेवढीच सुकाचीही येते.