मस्तुरा आपांचं लिंबू आणि ओयदिनचं तोंड

ताश्कंदच्या बाहेर, कालव्याकाठच्या आमच्या मोहल्ल्यात कुणी शिंकलं की तिसऱ्या घरातल्या मस्तुरा आपा लिंबू कापायला घेत. शिंक कुणाची आणि कशाची, हा प्रश्न नंतरचा.

त्यांच्या अंगणात काचेच्या छपराखाली माणूसभर खोल चर होता आणि चरात लिंबाची झाडं. आमच्याकडची थंडी लिंबाला सोसत नाही, म्हणून त्याला असं जमिनीच्या कुशीत ठेवावं लागतं. झाडं लावली एर्गाश आकांनी, म्हणजे आपांच्या नवऱ्याने. पातळ सालीची, नारिंगीकडे झुकलेली ती लिंबं ते तासन् तास नुसते बघत बसत आणि आपा ती पिळत. दोघांच्या संसारात भांडण असं एवढंच.

घसा धरला तर मध-लिंबू, पण चहा जरा निवल्यावर; उकळत्या चहात लिंबू टाकणाऱ्या बाईशी आपा दिवसभर बोलत नसत. केस धुतल्यावर शेवटच्या पाण्यात लिंबू. कांदा चिरलेल्या बोटांना लिंबाची साल. आणि संध्याकाळी टीव्हीसमोर आपा बसत त्या पिळलेल्या लिंबाच्या दोन वाट्या पुढ्यात ठेवून, एकेका वाटीत एकेक कोपर रुतवून. कोपरं मऊ राहतात म्हणे. मालिकेत कुणी मेलं तरी डोळे पुसायला हात मोकळा नसे. मग एर्गाश आका उठून पुसत.

शेजारच्या ओयदिनचं लग्न ठरलं तेव्हा आपांच्या अंगात उत्साह मावेना. आपांना तिन्ही मुलगेच. मुलगी म्हणायची ती हीच. आमच्याकडे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीचा पडदा वर करतात. सासरच्या झाडून साऱ्या बायका जमतात, नवरी वाकून सलाम करते आणि बायका मनसोक्त तोंड बघून घेतात. ओयदिनच्या नाकावर चार वांग होते. तिला त्यांचं काही नव्हतं, पण तिच्या आतेसासूने, कुमरीने, साखरपुड्यात त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

"अंगूर वाळत घालायच्या आधी रस लाव," आपा म्हणाल्या. "काम होईतो मुरेल. मी आयुष्यभर हेच केलंय."

केलं होतं, यात खोटं काही नाही. फक्त आपांचं आयुष्य चरात गेलं होतं. उन्हाळ्यात झाडं होरपळू नयेत म्हणून तिथल्या काचांवर चुना फासतात. खाली दुपारीही सावलीच. लिंबाचा रस तोंडाला लावून त्या वर्षानुवर्षं तिथे राबल्या. उन्हाची आणि रसाची गाठ त्यांच्या तोंडावर कधी पडलीच नाही. ओयदिनचे अंगूर मात्र छपरावर वाळत होते, सप्टेंबरच्या भर उन्हात.

तोंडभर रस लावलेल्या पोरीचे गाल दोन दिवसांत लाल झाले, मग फोड आले. फोड बसले आणि जिथून जिथून रस ओघळला होता तिथे कानापासून हनुवटीपर्यंत तपकिरी ओघळ उमटले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लिंबाचा रस कातडीवर ठेवून उन्हात गेलं की असं भाजतं. डाग जातील, पण महिने लागतील. तोवर लिंबू बंद, रंगरंगोटी बंद आणि उन्हाला तोंड दाखवायचं नाही.

लग्न तर पुढच्या महिन्यावर आलेलं.

ओयदिन आरशात बघून आधी रडली, मग हसली. वय तसंच होतं. आपांना मात्र अन्न गोड लागेना. चरात उतरायच्या आणि झाडांकडे अशा बघायच्या, जणू त्यांनीच फसवलंय. एर्गाश आका म्हणाले, "अहो, झाडाने काय केलं? त्याला विचारलं होतंत का तोडताना?" एरवी याला उलट उत्तर आलं असतं. त्या दिवशी आपा "खरंय" म्हणाल्या, तेव्हा आका घाबरले आणि स्वतःच चहा करून घेऊन आले.

पडद्याच्या दिवशी आपांना माहेरच्या बाजूने बसायचा मान होता. त्या भिंतीला पाठ लावून बसल्या. पुढ्यातल्या पुलावाला हात लावला नाही. पडदा वर झाला. ओयदिनने वाकून सलाम केला, मान वर केली आणि बायकांचं कुजबुजणं एकदम थांबलं.

कुमरीला शांतता कधीच सोसली नाही. "काय गं बाई," ती म्हणाली, "तोंडावर चहा ओतून घेतलास की काय? का माहेरचं हे असंच असतं?"

ओयदिनची मान खाली गेली. आपा उठल्या. गुडघे दुखत होते, तरी सरळ उभ्या राहिल्या.

"चहा नाही, लिंबाचा रस. आणि तो मी लावायला सांगितला. पोरीत काही खोट नाही, अक्कल माझी कमी पडली. बोलायचं ते मला बोला."

नवरदेवाची आई, सनोबर, जागेवरून उठली. धिप्पाड बाई, बोलणं मोजकं. तिने ओयदिनची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं आणि विचारलं, "दुखतं का गं?"

"आता नाही."

"डॉक्टर काय म्हणाली?"

"उन्हात जायचं नाही. वसंत येईपर्यंत तरी."

सनोबरने जरा विचार केला. अंगण नवी सून पहाटेच झाडते, तेव्हा ऊन नसतं, त्याची काळजी नाही, असं तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. स्वयंपाकघरही छपराखालीच आहे. राहता राहिली छपरावरची कामं.

"ती वसंतापर्यंत कुमरी करेल," ती म्हणाली. "हिला तोंडांकडे बघायला एवढा वेळ मिळतो, तर छपरावरून मोहल्ला चांगला दिसतो."

आधी कोपऱ्यातली एक म्हातारी हसली, मग सगळ्याच. कुमरीसुद्धा हसली, दुसरं करणार काय. ओयदिनने पुन्हा वाकून सलाम केला. रिवाजातला नव्हता, तो आपांच्या दिशेने होता. सनोबरने आपांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि पुलावातला मांसाचा चांगला तुकडा स्वतःच्या हाताने त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"खा आता," ती म्हणाली. "पोरगी आमची झाली. तिची काळजी आता आमच्याकडे."

आपांनी घास घेतला. डोळे वाहत होते, आणि या वेळी दोन्ही हात मोकळे असूनही त्यांनी ते पुसले नाहीत.