सांडलेली पुडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. परवा लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून माझा स्वतःवरचा संताप काही केल्या उतरत नाही.

जळगावच्या एका रुग्णालयात मी औषधं देतो. लहान मुलांच्या मापाची फिटची गोळी आमच्याकडे नसायची. मोठ्यांची गोळी खलात कुटायची, पूड कागदावर पसरायची, जुन्या एक्स-रेच्या तुकड्याने चार वाटे करायचे, पुड्या बांधायच्या. वाटे डोळ्यांच्या अंदाजाने. वजनकाटा? होता ना — हाताशीच होता! पण माझा हात म्हणजेच काटा, असं मी सांगत फिरायचो. केवढा हा माज!

अमळनेरकडच्या लताताई त्यांच्या चार वर्षांच्या जयासाठी पुड्या न्यायच्या. एकदा जयाला फिट आली. ओट्यावरून पडली, कपाळ फुटलं. लताताई उरलेल्या पुड्या घेऊन धावत आल्या. मी उघडल्या — एकीत चिमूटभर, दुसरीत तिच्या दुप्पट. बघताक्षणी कळलं मला. आणि मी काय केलं? पुड्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि सगळ्यांसमोर खेकसलो, "ताई, साधी पुडी पाजता येत नाही? सांडली असणार तुम्ही!" चोर तर चोर, वर शिरजोर.

त्या रडल्या. सगळा दोष स्वतःवर घेत म्हणाल्या, "बठ्ठी मन्हीच चूक शे, भाऊ."

आता आमच्याकडे चाचणीसाठी नवं यंत्र आलंय. मुलाच्या वजनाप्रमाणे औषध मोजून ते संत्र्याच्या चवीची मऊ गोळी थेंबाथेंबाने घडवतं. प्रत्येक गोळी स्वतः तोलतं. कमी-जास्त भरली की बाजूला टाकतं. परवा ते मीच मुलांना घेऊन जमलेल्या सगळ्या आई-वडिलांना दाखवलं. पहिली गोळी जयाला दिली. आता सात वर्षांची आहे ती. चघळून आणखी मागायला लागली. कपाळावरचा व्रण अजून दिसतो.

मग लताताई उठल्या आणि बाकीच्या आयांना सांगू लागल्या, "मन्हा हातथून पुडी सांडनी व्हती, म्हनीसन पोर पडनी. आते ती भीती नही. हाऊ भाऊ देवमाणूस शे."

देवमाणूस! तोंड उघडायला तेव्हा माझं काय जात होतं? टाळ्या पडल्या. लताताई डोळे पुसत होत्या.

त्यांच्या हातून कणभरही सांडलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं, आणि मी हसून हात जोडले.