शेवटच्या नंबराची क्लिप

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मराठी मंडळींत मयुरेश केसकरशी गिटारवरून वाद घालायचा तर घरून जेवून यावं, असं म्हणतात. उगाच नाही म्हणत. हा माणूस आठवडाभर ऑफिसात गिअरबॉक्सचे आवाज मोजतो, कुठे खरखरतंय ते शोधतो, आणि रविवारी तेच कान घेऊन गिटारवादक पाको दे लुसियाच्या उजव्या हातावर बोलायला बसतो. बोलायला कसला, भांडायलाच. कुणी भोळेपणाने म्हणावं, "माल्मस्टीनइतका फास्ट कोणी नाही बुवा," की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. नुसता वेग म्हणजे तंत्र नव्हे. त्या वेगात प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो का ते बघ. होल्ड्सवर्थचा डावा हात ऐक, मग बोल. समोरचा बिचारा शेवटी बटाटेवडा उचलून गप्प बसायचा.

एवढं बोलणारा माणूस स्वतः मात्र गिटारला हात लावत नसे. कुणी विचारलंच तर "अरे, वेळ कुठाय?" म्हणायचा आणि बायकोकडे बघून हसायचा. त्या हसण्यावर मुक्ता, त्याची बायको, दर वेळी नजर खाली वळवायची.

तिला कारण होतं. मयुरेश मूळचा साताऱ्याचा. पुण्यात इंजिनिअरिंगला आला आणि हॉस्टेलच्या गच्चीवर बोटं सोलवटेपर्यंत गिटार घोटत बसला. शिकवायला कोणी नाही. एकच जागा दिवसभर घोटायची, जमेस्तोवर जेवायचं नाही, असला हट्टी. कॉलेजच्या गॅदरिंगला त्याने एकट्याने वाजवलं, तेव्हा मुक्ता मैत्रिणीबरोबर सहज म्हणून आली होती. "हा पोरगा कोण गं?" इथून जे सुरू झालं ते लग्नाला जाऊन थांबलं. पुढे जर्मनी, नोकरी, अन्वीचा जन्म.

अन्वी दोन वर्षांची असताना मुक्ता नव्याने नोकरीला लागली होती. किटामधून, म्हणजे पाळणाघरातून, सारखा फोन यायचा, पोरीला ताप आहे, घेऊन जा. एका संध्याकाळी ती घरी येते तर सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, पोर रडतेय, आणि हा गिटार मांडीवर घेऊन बसलेला. मुक्ताचा तोल गेला. "या घरात दोघांपैकी एकाचे तरी हात मोकळे असू देत की रे!" मयुरेशने उठून गिटार पेटीत घातली, पेटी खाली तळघरात नेऊन ठेवली, आणि पुन्हा कधी वर आणली नाही.

आपल्या एका वाक्याने नवऱ्याची गिटार सुटली, हे मुक्ताने मनाला लावून घेतलं. दोनदा माफी मागितली. "जाऊ दे गं, त्यात काय," म्हणाला. एका वाढदिवसाला तिने महागाच्या तारा आणल्या. त्या पाकिटातच राहिल्या.

खरी गोष्ट वेगळी होती. ती मयुरेशशिवाय फक्त एका डॉक्टरला ठाऊक होती. त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी, ही दोन बोटं तारेवर टेकली की आपोआप तळव्यात मुडपायची. कांदा चिरताना काही नाही, टाईप करताना काही नाही, अन्वीची वेणी घालताना तर अगदी गुणी. गिटार धरली की मात्र संप. डॉक्टर म्हणाले, फोकाले डिस्टोनी. तीच ती हालचाल इतकी घोटलीत की मेंदूने दोन बोटांची गल्लत केली आहे. बरं होईलही, नाहीही. म्हणजे ज्या मेहनतीने हात दिला तिनेच तो काढून घेतला. मयुरेशला याची भयंकर लाज वाटली. आजार झाला याची कसली लाज, असं तुम्ही-आम्ही म्हणू. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची बोटं तपासली, त्याला विचारा. गिटार मांडीवर घेऊन तो त्या संध्याकाळी बसला होता ते बोटं आज तरी ऐकतायत का बघायला. तेवढ्यात मुक्ताचं ते वाक्य आलं. आयतं कारण मिळालं, याने ते उचललं, आणि मग ते खाली ठेवायची वेळच येऊ दिली नाही.

तर तो रविवार. याच मंडळींतल्या उत्कर्षच्या घरी सगळे जमले होते, अन्वीही कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. शेजाऱ्यांच्या रविवारच्या शांततेला धक्का नको म्हणून खिडक्या बंद, आत चहा आणि माणसांची ऊब. सगळ्यात भारी तंत्र कुणाचं, या वादाला कंटाळून उत्कर्षने नवी टूम काढली होती. इंजिनिअर लोक ते, सरळ आवडलं किंवा नाही म्हणतील तर शपथ! ऑफिसात सप्लायर निवडताना करतात तशी रीतसर नुट्झवेर्टअनालीझे, म्हणजे गुणांचा तक्ता, मांडली होती. वेगाला इतके गुण, सफाईला इतके, तालाला इतके, आणि प्रत्येकाला वजन. ज्याने त्याने एक-एक क्लिप आणायची, उत्कर्षने ती बिननावाची वाजवायची, चर्चा करायची, गुण द्यायचे. शेवटी कोण वाजवतंय आणि कुणी आणली ते ज्याने त्याने फोडायचं. फक्त तळाला गेलेल्या क्लिपचं सगळं गुलदस्त्यात. आणणाऱ्याची शोभा व्हायला नको म्हणून.

दोन क्लिपा झाल्या. मयुरेश रंगात आला होता. तिसरी सुरू झाली.

पहिल्या चार स्वरांतच त्याने ओळखलं. स्वतःचा हात माणूस विसरत नाही. गॅदरिंगचं रेकॉर्डिंग! मागचा गलका, टाळ्या, सगळं कुणीतरी नीट छाटलं होतं. त्याने मुक्ताकडे पाहिलं. ती एरवी या वादांत कधी पडत नसे. आज कपातल्या चहाकडे बघत ओठ दाबून हसत होती. तिचे कान लाल झाले होते.

आता पुढचं सगळं त्याला लख्ख दिसलं. क्लिप वर येणार, नाव फुटणार, एकच आरडाओरडा होणार, आणि भिंतीवरची उत्कर्षची गिटार काढून कुणीतरी याच्या मांडीवर आणून ठेवणार. "दाखव, दाखव!" मुक्ता पुढे सरकून बसणार. आणि मग ती दोन बोटं. सुटायची वाट एकच होती. ही क्लिप तळाला गेली पाहिजे.

"अरे वा, कोण आहे हा?" तनया म्हणाली. ही सॅटेलाइट सांभाळायच्या नोकरीत, कानाने तिखट. "मयुरेशदादा, हा डावा हात ऐकलास? काय सफाई आहे!"

"सफाई?" मयुरेश म्हणाला. आवाज जरा चढलाच. "सफाई कुठली? चढताना बघ, पळतोय. तालाच्या पुढे चाललाय सरळ."

"थोडासा. उत्साहात पळतो माणूस."

"उत्साह हा निकष आहे का आपल्या तक्त्यात? परत लाव रे उत्कर्ष. हां, इथे. करंगळी उशिरा पडली. ऐकू येतंय? ते झाकायला त्याने तार ओढलीय. लबाडी आहे ही."

उत्कर्ष मान हलवत म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, आता तू म्हणतोस तर जाणवतंय."

जाणवणारच. त्या तुकड्यातली खोट न खोट मयुरेशला तोंडपाठ होती. गच्चीवर रात्र-रात्र त्याने त्याच खोटींशी झगडा केला होता. एकेक काढून तो समोर टाकत गेला, आणि बाकीचे एकेक करून त्याच्या बाजूला आले. तनया तेवढी हटेना.

"असेल घाई. पण दादा, हा माणूस जीव ओतून वाजवतोय. ते हातातूनच येतंय ना? मग तेही तंत्रच."

"जीव ओतणं वगैरे हौशी लोकांना म्हणतात," मयुरेश म्हणाला. "गावच्या ऑर्केस्ट्रात असले छप्पन्न मिळतात. चार जागा पाठ केल्या, मुली समोर बसल्या की वाजवल्या. यात शिकलेलं काही नाही आणि शिकण्यासारखंही काही नाही."

बोलून गेला आणि जीभ चावली. मुक्ताने कप खाली ठेवला होता. हसू कधीच मावळलं होतं. ती त्याच्याकडे रागाने बघत असती तर परवडलं असतं. ती नीट लक्ष देऊन ऐकत होती, मुद्दा पटत चाललेल्या माणसासारखी. तिला वाटलं, याने ओळखलंच नाही. आणि न ओळखता दिलेलं मत म्हणजे खरं मत.

चौथी, पाचवी क्लिप झाली. त्यांचं मयुरेशने मनापासून कौतुक केलं, जरा जास्तच. गुणांची बेरीज झाली. तिसरी क्लिप तळाला. मयुरेशचा जीव भांड्यात पडला.

नावं फुटू लागली, हशा सुरू झाला. त्या गडबडीत मुक्ता उठून उत्कर्षच्या लॅपटॉपपाशी गेली. हळू बोलली, पण मयुरेशचे कान गिअरबॉक्सवर तयार झालेले.

"उत्कर्ष, ती माझी फाईल डिलीट कर ना. कुणाला पाठवू नकोस."

"बरं, करतो. पण वाजवतंय कोण?"

"कोणी नाही रे. मला काय कळतंय त्यातलं. इतकी वर्षं उगाचच जपून ठेवली होती. घरी गेल्यावर तिथलीही काढून टाकते."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. त्या साधेपणानेच मयुरेशचा जीव कासावीस झाला. हात गेला तो गेला. पण एका माणसाने तो हात त्या रेकॉर्डिंगमध्ये वीस वर्षं सांभाळला होता, आणि आज याने स्वतःच तिला तो फेकून द्यायला लावला.

"थांब उत्कर्ष," तो म्हणाला. "डिलीट करू नकोस."

उठून त्याने भिंतीवरची गिटार काढली. अन्वी फोनमधून मान वर काढून जर्मनमध्ये म्हणाली, पापा, तुला वाजवता येतं? तो खुर्चीत बसला, डावा हात गिटारच्या मानेवर ठेवला आणि तिसऱ्या क्लिपची सुरुवात धरली. पहिला स्वर आला, दुसरा आला. तिसऱ्याला अनामिका थरथरली आणि दोन्ही बोटं तळव्यात मुडपून बसली. तार नुसती थडकली. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सगळ्यांना दिसेल असा हात त्याने दिव्याकडे केला.

"तो मी होतो," म्हणाला. "तेव्हा हात होता. आज तुम्ही वाजवायला सांगाल या भीतीने मी ती क्लिप तळाला पाडली. तनया, तुझं बरोबर होतं. चांगला वाजवायचा तो."

तनयाने तोंडावर हात ठेवला. मुक्ता दोन पावलं पुढे आली आणि त्या मुडपलेल्या बोटांकडे बघत राहिली.

"हे कधीपासून?"

"अन्वी दोनची होती."

"मी तसं म्हणाले, त्यामुळे..."

"नाही. तू म्हणायच्या आधी. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन आलो होतो."

मुक्ताचे डोळे भरून आले, पण आवाज कोरडा होता.

"म्हणजे माझ्यामुळे नाही सुटली."

"नाही."

"बारा वर्षं, मयुरेश. बारा वर्षं मी मनातल्या मनात रोज तुझी माफी मागत आले. आणि तू ती घेत गेलास?"

सगळी खोली मयुरेशकडे बघत होती. गिटारच्या कुठल्याही वादात त्याच्याकडे उत्तर नाही असं आजवर झालं नव्हतं. त्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"हो," तो म्हणाला. "घेत गेलो."