मेंढरांच्या वहीचा पत्ता

दिवाळी होऊन पाच दिवस झाले होते आणि माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आला होता. माझी मोठी जाऊ रविवारी मेंढरं घेऊन निघणार होती, म्हणजे हातात चारच दिवस. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. वरणाला दोनदा मीठ पडलं. तुम्ही म्हणाल, बाईला झालंय काय? सांगते.

आमचं सासर पैठणच्या अलीकडचं, मेंढरंवाल्यांचं. आमच्या ह्यांना शहरात नोकरी लागली म्हणून मी इथं आले. मोठ्या जावेनं मात्र मेंढरं सोडली नाहीत. आता सत्तरीला टेकली, तरी दरसाल दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून निघते ते पावसाच्या तोंडाला परतते. मेंढरांचं सगळं तिच्या डोक्यात. खुरं सडली तर काय लावायचं, पोट फुगलं तर काय पाजायचं, कोणत्या रानात पाय ठेवायचा नाही. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदावरचं. तरी दोन वर्षं तिच्यापाशी बसून मी ते वहीत उतरवलं. त्याला कारण झालं. त्यांच्या तळावर एक नवी नवरी आली होती. तिनं कापलेल्या ज्वारीच्या रानात मेंढरं घातली. बुडख्यांना कोवळे पोंगे फुटलेले होते, आणि ते मेंढरांना बाधतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारपर्यंत नऊ मेंढरं आडवी. पोरगी रडलीसुद्धा नाही म्हणे, नुसती त्यांच्याजवळ बसून राहिली.

वही एक आणि तळ कितीतरी. म्हणून ते फोनवर चढवायचं ठरलं. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बघितलं, पण रानात फोन पाण्यात पडतो, रिचार्ज संपतो, नंबर बदलतो, की गेलं सगळं. इंटरनेटवरचा एक कायमचा पत्ता पाहिजे होता, कुठल्याही फोनवर उघडेल असा. जाऊ म्हणाली, "मला इंग्रजी टाकता येत नाय. मराठीत असंल तर मी टाकीन. बाकीच्या बायाबी टाकतील." तिला अक्षराला अक्षर जोडत वाचता येतं. तेवढं पुरेसं होतं.

असा पत्ता मिळतो, हे मला आमच्या चौकातल्या फॉर्म भरणाऱ्या भाऊंनी सांगितलं. माणूस माझ्याच वयाचा, पूर्वी कोर्टापाशी टायपिंग करायचा. म्हणाला, "वहिनी, मधे एक ठिपका आणि शेवटी आपल्या देशाचं नाव, सगळं मराठी अक्षरात. पण देशाचं नाव लावायचं म्हणजे नियम लई."

मी म्हणाले, असू द्या. आपण कुठं परदेशी आहोत?

पहिल्यांदा आम्ही 'मेंढपाळ' असा शब्द मागितला. उत्तर आलं, हा शब्द राखीव आहे. कुणासाठी राखीव? त्याचा खुलासा कुठं नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं पाळली त्यांच्यासाठी नाही, एवढं कळलं. मग 'मेंढरांची वही' मागितलं, दोन्ही शब्द जोडून. ते मोकळं होतं. पण कुणाच्या नावावर? मी जावेचं नाव लिहिलं, कारण वहीत माझं काय आहे, हात तेवढा माझा. दुसऱ्यांदा अर्ज परत. तिच्या आधार कार्डाला जो नंबर जोडलेला, तो कधीचा बंद पडलेला, आणि चालू नंबर जोडायचा तर तिनं पुन्हा अंगठे द्यायला रांगेत उभं राहायचं. तिचे अंगठे लोकर कातरून कातरून घासलेले. यंत्र घेतच नाही.

शेवटी माझ्या नावावर टाकला. माझी कागदपत्रं सगळी बरोबर. भाऊ म्हणाले, "आता फक्त फोनच्या कॅमेऱ्यात बघून पूर्ण नाव सांगायचं, कार्डावर आहे तसं. झालं."

मी केस नीट केले, पदर घेतला, नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. लाल फुली. पुन्हा सांगितलं. पुन्हा फुली. भाऊ म्हणाले, "वहिनी, मधलं राहिलं."

मधलं म्हणजे ह्यांचं नाव. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, मी ते कधी उच्चारलं नाही. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लग्नात उखाण्यात घ्यायला लावतात, तेव्हाही मी तापाचं निमित्त काढून सुटले होते. दवाखान्यात, बँकेत, मतदानाला, कुठंही विचारलं की मी कार्ड पुढं करते, नाहीतर शेजारच्या बाईला सांगायला लावते. हसाल तुम्ही. मीही हसले असते, पण मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात. तेव्हापासून मला हसू येत नाही.

तिसऱ्यांदाही मी मधलं गिळलं, आणि अर्ज परत आला.

दुसऱ्या दिवशी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची पोरगी गोड बोलणारी होती.

"मॅडम, तुम्ही मधलं नाव सांगितलं नाही."

"ते माझं नाय, त्यांचं आहे."

"पण कार्डावर आहे ना?"

"आहे की. तुम्ही वाचा, मी मान हलवते."

"नियमात मान हलवणं नाहीये, आजी."

"मग नियमात घाला. अर्ध्या महाराष्ट्राच्या म्हाताऱ्या मान हलवतात."

ती हसली. नियम काही हसला नाही. वर तिनं सांगितलं की आणखी एकदा चुकलं तर तीस दिवस अर्ज बंद.

मी फोन ठेवला आणि बाहेर आले. हे बाजेवर बसून शेंगा फोडत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

"घे की नाव," म्हणाले. "मी काय लगेच मरत नाय."

"तुम्ही गप बसा."

"डॉक्टरनं तेलकट बंद केलंय. नाव बंद केलेलं नाय."

मला इतका राग आला की शेंगांची फोलपटं गोळा करून मी आत निघून गेले. त्यांना थट्टा सुचते. दवाखान्याच्या बाकावर मी बसले होते, ते नव्हते बसले.

शनिवारी जाऊ मुद्दाम एसटीनं आली, निघायच्या आदल्या दिवशी. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हीच म्हणेल की नको घेऊस बाई. तिचा नवरा, माझे थोरले दीर, वारून नऊ वर्षं झाली. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली. म्हणाली, "मी बी कधी घेतलं नाय. एकदाबी नाय. तरी गेलेच की." मग बशी खाली ठेवून म्हणाली, "ती ज्वारीच्या रानातली पोरगी यंदाबी संगं हाय. तिला घरी बसवत हुते सासरचे. मी म्हणलं, राहू द्या, मी हाय."

मी उठले. भाऊंच्या दुकानात जायचा धीर नव्हता, तिथं माणसं असतात. स्वयंपाकघरात कडी लावली, फोन डब्याला टेकवून उभा केला आणि बोलले. माझं नाव, त्यांचं नाव, आडनाव. या वेळी काही गिळलं नाही.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "ओ. काय पाहिजे?"

कडीच्या आत मी कपाळाला हात लावून उभी. पडद्यावर आलं, 'अर्ज तपासणीसाठी पाठवला आहे.' म्हणजे अजून नाहीच. तपासणी किती दिवस, तेही नाही.

जाऊ सकाळी निघाली. पत्ता आमचा झाला नव्हता, तरी मी जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. ठिपका एवढा मोठा काढला की कुणी म्हणेल बाईनं कुंकू टेकवलंय. मग सुरू झाली खरी तगमग. नाहीच मिळाला तर ती बिचारी कुठल्यातरी बांधावर बसून एकेक अक्षर दाबणार आणि फोन सांगणार, असं काही नाही. बरं, तिला थांबवायचं तर तिचा फोन बंद. ह्यांना जरा खोकला आला तरी माझा हात थांबायचा. त्या आठ दिवसांत मी घरातले सगळे डबे घासले.

नवव्या दिवशी मंजुरी आली. भाऊंनी त्याच दुपारी वहीची पानं चढवली. पत्ता एका वर्षापुरता, मग पुन्हा पूर्ण नाव विचारणार म्हणे. मी म्हणाले, विचारू द्या.

आणखी चार दिवसांनी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. लासूर स्टेशनकडच्या कुणाच्या तरी फोनवरून जाऊ बोलत होती. मागं मेंढरं ओरडत होती.

"उघडलं गं. त्या पोरीनं टाकलं, मी वाचलं. सगळं वाचलं, दोन दिस लागले."

मी ह्यांना हातानं खूण केली, उघडलं म्हणून.

"ऐकतीस ना? पोटफुगीच्या पानावर चूक हाय. तोंड वर धरून तेल पाजावं, असं लिवलंस तू. वर धरलं तर तेल छातीत जातं, मेंढरू ठसकून मरतं. मान सरळ ठिवायची, जबड्याच्या बाजूनं थोडं थोडं सोडायचं. आधी ते नीट कर. इथं बाया वाचायला लागल्यात."

"करते, अक्का, आत्ता करते," म्हणत मी चप्पल शोधायला लागले. एक सापडली, दुसरी सापडेना, आणि भाऊंचं दुकान बंद व्हायला दहा मिनिटं राहिली होती.