दाजी आणि पडद्याचा रंग

आमचे दाजी सूर्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाहीत. सकाळी तो माणसाला पिवळं दाखवतो, दुपारी निळसर, आणि मावळताना तर उघडउघड लबाडी करतो, असं त्यांचं मत. अंबडच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं स्टूल आहे, खुर्ची आहे, पण दाजींना बसलेलं पाहिलेला माणूस मला तरी भेटलेला नव्हता. गिऱ्हाईक बसतं, दाजी फिरतात. घरी जेवतानाही ते घास हातात धरून वरणाकडे तिरपं बघतात आणि आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, विचारतात, "हळद बदलली का?"

रोलचा कॅमेरा होता तोवर हा माणूस बराच शांत होता म्हणतात. कॉम्प्युटर घेतला आणि घोर लागला. वडीगोद्रीच्या एका मुलीचा स्थळासाठी फोटो काढला होता. दाजींच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो काळवंडलेला दिसला, म्हणून त्यांनी उजेड वाढवला आणि फोटो जालन्याच्या लॅबला पाठवला. छापून आला तो पिठासारखा पांढरा. आमच्याकडे फोटोग्राफरनं मुलगी उजळ करून द्यायची असते असा रिवाजच असल्यानं कोणाला वावगंही वाटलं नाही. मुलाकडचे लोक फोटो घेऊन आले, पोहे खाल्ले, मुलीकडे बघितलं आणि विचारलं, "ही थोरली का? फोटोतली कुठं हाये?" दुसऱ्या दिवशी मुलीची आई स्टुडिओत आली. भांडली नाही. फोटो काउंटरवर ठेवून म्हणाली, "दादा, माही पोरगी सावळी हाये, हे आमाला ठाव हाये. तुमाला गोरी कराया कोणी सांगितली?" दाजींनी पडद्याकडे बोट दाखवून शपथा घेतल्या, पण पडदा खोटं बोलतो हे त्या माउलीनं का मानावं?

तेव्हापासून दाजींना पडद्याचा रंग तपासणारी डबी हवी झाली. ती पडद्यावर रबरानं चिकटवायची, ती एकेक रंग मोजते आणि पडदा सुधारते. मी आमच्या घरातला पहिला बीए. आईबापांना सही येत नव्हती, म्हणून हे मी कुठंही छाती काढून सांगतो. दाजींच्या लेखी मात्र या पदवीचा उपयोग एकच, नेट कॅफेत बसून डब्यांबद्दलचं इंग्रजी वाचायचं आणि त्यांना मराठीत सांगायचं. डब्या तीन प्रकारच्या निघाल्या. स्वस्तातली मनाला येईल तेवढाच पडदा सुधारायची, तुमचं ऐकायची नाही. मधलीत पांढरा किती पांढरा आणि उजेड किती, हे आपल्याला ठरवता यायचं. महागडी छापलेला कागदही मोजायची, पण त्या खर्चात दुसरा कॅमेरा आला असता. दाजी सोमवारी स्वस्त म्हणायचे, मंगळवारी महाग, आणि बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यालाही मत विचारायचे. एकदा डबी बघायला औरंगाबादला निघाले, आणि वाटेत शंका आली म्हणून निम्म्यातून उतरून समोरच्या बसनं परत आले. मधल्या काळात मी कुठंतरी वाचलं की पडद्याजवळ भडक रंग नसावा. झालं. गुलाबी स्टुडिओ राखाडी झाला, दाजींचे सगळे शर्ट राखाडी झाले. आक्का म्हणाली, "ह्यायला रंग कळाया लागला तसा घरातला रंग उडाला."

इथवर हसण्यावारी होतं. मग धावडा गावाहून माझ्या भाचीला, वर्षाला, स्थळ आलं. मुलगा चांगला होता, त्यांना आधी फोटो हवा होता. वर्षा बापावर गेलेली, सावळी. दाजी म्हणाले, डबी आल्याशिवाय फोटो जाणार नाही. धावड्याचे दोन निरोप येऊन गेले.

"लोकं दुसरी पोरगी बघतील," आक्का म्हणाली. "मंग काय डबीला घालता का मुंडावळ्या?"

"त्या माउलीवानी तुह्याबी हातात फोटो परत आला, मंग?" दाजी म्हणाले.

वर्षा निवडलेल्या मेथीचं ताट बाजूला सारून म्हणाली, "पप्पा, मी जशी हाये तशी येऊ द्या. पण जल्दी येऊ द्या."

मी सरळ बोलणारा माणूस. म्हटलं, "दाजी, कागद मोजायचं काम लॅबवाल्याचं. तुमचा पडदा बरोबर झाला की तुमचं काम झालं. मधली घ्या."

"पक्कं?"

"पक्कं."

"मेव्हणे, बीए पोरीच्या लग्नावर लावून राह्यले तुम्ही." असं म्हणून त्यांनी मुंबईच्या दुकानाला फोन करून डबी मागवली आणि पुन्हा रद्द करता येऊ नये म्हणून नंबराची चिठ्ठी माझ्या खिशात कोंबली.

डबी आली, पण मोजायच्या आधी पडदा अर्धा तास तापलेला लागतो, आणि अंबडची लाइट अर्धा तास सलग राहिली तर लोक चर्चा करायचे. लाइट गेली की दाजी ताप बघावा तसा पडद्यावर हात ठेवून उभे. शेवटी एकदाचं जमलं. डबीनं सगळे रंग मोजले आणि पडदा पिवळट, मळकट दिसू लागला. "ह्याला तर कावीळ झाली," दाजी म्हणाले. मी डबीचं इंग्रजी पुन्हा वाचून दाखवलं आणि त्याच पडद्यावर वर्षाचा फोटो ठीक करून लॅबला पाठवायला लावला. फोटो जालन्याहून छापून येईपर्यंत दाजी घर ते बसस्टँड फिरत राहिले. आला तेव्हा त्यांनी वर्षाला दाराच्या सावलीत उभं केलं, फोटो तिच्या गालाशी धरला, मग दुसऱ्या गालाशीही धरून बघितला. पुढं धावड्याची मंडळी आली. मुलाच्या आईनं एकदा फोटो बघितला, एकदा वर्षा, आणि म्हणाली, "फोटोवानीच हाये की." दाजी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत.

तो फोटो अजून स्टुडिओच्या दर्शनी काचेत आहे. रस्त्याच्या उन्हानं पार विटला. पडद्यावरचा मात्र तसाच आहे, कारण दाजी आजही दर महिन्याला डबी लावतात. परवा दिवाळीला वर्षा माहेरी आली होती. धावड्याच्या शेतात उन्हातान्हाचं काम करून रापली आहे, कानाशी एकदोन पांढरे केस आहेत. दाजींनी तिला पुन्हा दारात उभं केलं, पडद्यावर तो जुना फोटो लावला, आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"पप्पा, आता कोण बघाया येणार हाये मला?" ती हसून आत गेली.

दाजी हळूच मला म्हणाले, "मेव्हणे, पडदा तर बराबर हाये. मंग जुळून का न्हाई राह्यलं?"

बीएच्या कुठल्या पेपरात हे विचारलं नव्हतं.  दाजींनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि पडद्यासमोर बसले.