बॉयलरची बरणी

आमचे भावोजी रागावलेले नसतात तेव्हा झोपलेले असतात, आणि झोपेतही त्यांची एक भुवई चढलेली असते असं ताई सांगते. ब्रूअरीत सगळे त्यांना पाठीमागे 'बॉयलर' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. मी त्यांचा सख्खा मेहुणा, त्याच ब्रूअरीत लेबलं आणि विक्री बघतो, तरी हे नाव लिहिताना मीही दार लावून घेतलंय.

ब्रूअरी म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची लांबट शेड. आत चार उभ्या स्टीलच्या टाक्या, एक थंड खोली, लोखंडी जिना आणि जिन्याखाली चहाची खोली. भिंतीवर अजून कुठेकुठे शाईचे डाग आहेत. मालक दातांचे डॉक्टर. सकाळी दवाखान्यात लोकांच्या दाढा काढतात आणि दुपारी इथे येऊन आमची अक्कल काढतात.

भावोजींनी याआधी अठरा वर्षं सोड्याच्या कारखान्यात काढली. काम एकच, सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसवायचा. एकदा बाटली फुटून काच भुवईत घुसली. तीच ती कायम चढलेली भुवई, त्यामुळे ते खरे किती चिडलेत हे चेहऱ्यावरून कळत नाही. आवाजावरून मात्र चार घरं पलीकडे कळतं. अठरा वर्षं गॅस भरून भरून त्यांना भरलेल्या गॅसचा इतका तिटकारा आला की कुणी सोडा पुढे केला तरी ते ग्लास फिरवून बघतात आणि म्हणतात, "हा गॅस पाहुणा आहे. आला, चहा प्यायला, निघाला."

आता लागर बिअरचं असं असतं. यीस्ट साखर खातं, त्यातून दारू होते आणि गॅस सुटतो. बहुतेक ठिकाणी हा गॅस नळीवाटे बाहेर सोडून देतात आणि शेवटी विकतचा सिलिंडर लावून तोच गॅस परत आत भरतात. दोन दिवसांत काम होतं. भावोजी म्हणायचे, "घरचं दूध मोरीत ओतायचं आणि संध्याकाळी पिशवी विकत आणायची. शिकलेली माणसं आहेत."

त्यांची पद्धत वेगळी. यीस्टचं खाणं संपत आलं, पण थोडी साखर उरली आहे, अशा नेमक्या वेळी टाकीची वाट बंद करायची. मग शेवटचा गॅस बाहेर न जाता बिअरमध्येच मुरतो. त्यानंतर महिनाभर थंडीत निवांत ठेवायची. बुडबुडे बारीक येतात, जिभेला टोचत नाहीत, फेस ग्लासभर टिकतो. पण वाट लवकर बंद केली तर गॅस जास्त होतो आणि उशिरा केली तर बिअर मिळमिळीत. गॅस आपोआप बेताचा ठेवणारा महागडा व्हॉल्व्ह डॉक्टरांनी घेऊन दिला नव्हता. म्हणून सगळी भिस्त एका बरणीवर.

बरणी साधीच, काचेची, लोणच्याची वाटावी अशी. टाकीतली थोडी बिअर तिच्यात काढायची, जास्तीचं यीस्ट घालायचं आणि उबेला ठेवायची. टाकीतलं यीस्ट थंडीत सावकाश जेवतं. बरणीतलं उबेत दोन दिवसांत ताट चाटूनपुसून मोकळं होतं. मग काचेची तरंगती नळी बुडवून किती साखर उरली ते मोजायचं. बरणी जिथे थांबली, तिथेच टाकीही पुढे चार-पाच दिवसांनी थांबणार. म्हणजे बरणी ही टाकीची कुंडली. चहाच्या खोलीत गिझरच्या वरच्या फळीवर ती असायची, तोंडावर फडका बांधलेला, आणि तिच्याजवळून जाताना लोक श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

असे पाच घाणे झाले होते. दोन मिळमिळीत, एक बरा, चौथा आंबला, पाचवा बरा म्हणण्याच्या जवळपास. डॉक्टरांचा धीर सुटला होता.

"हा सहावा," ते म्हणाले. "शुक्रवारी दोन हॉटेलवाले येणार आहेत. त्यांना आवडला तर एक टाकी कायमची तुमच्या पद्धतीला देतो. नाही आवडला तर चारही टाक्या सिलिंडरवर, आणि तुम्ही नुसती चावी फिरवायची."

"शुक्रवारी कच्ची असेल. महिनाभर थंडीत राहू दे, मग बोलवा."

"कच्ची का होईना, अंदाज येईल."

"दाढ अर्धी काढून अंदाज घेता का तुम्ही?"

डॉक्टर हसले. भावोजी हसले नाहीत. चावी फिरवायची म्हणजे पुन्हा सोड्याचा कारखाना, हे त्यांना कळलं होतं. त्या दिवशी घरी त्यांनी आमटीला नावं न ठेवता जेवण उरकलं. ताई म्हणाली, "भांडले नाहीत ते आज. मला भीतीच वाटतेय."

शनिवारी बरणी फळीवर गेली. सोमवारी सकाळी नऊला भावोजींनी नळी बुडवली. आकडा आला तीन. म्हणजे टाकी तीनवर थांबणार. टाकीत त्या वेळी चार होते. एकाचा फरक, हवा तेवढाच गॅस. त्यांनी वर जाऊन वाट बंद केली, खाली आले आणि मला म्हणाले, "बघ, कसं दाण्याला दाणा जुळलाय." हे त्यांच्या तोंडून आलेलं मी ऐकलेलं सगळ्यात गोड वाक्य. ताईच्या वाट्यालाही आलेलं नाही.

बुधवारी दाबाचा काटा जिथे थांबायचा तिथे थांबला नाही. गुरुवारी दुपारी टाकीचा सुरक्षा व्हॉल्व्ह शिटी मारू लागला. भावोजी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. गॅस सोडायला लागले, पण तो थेंबाथेंबाने सोडायचा असतो. एकदम सोडला तर अख्खी टाकी फसफसून बाहेर येते. एका दिवसात होण्यासारखं काम नव्हतं.

शुक्रवारी हॉटेलवाले आले. डॉक्टरांनी स्वतः नळ उघडला. ग्लासात फेस आला, दुसऱ्या ग्लासात फेस आला, तिसऱ्यात आला, मग डॉक्टरांच्या बाहीवर आला. जाड्या हॉटेलवाल्याने बोटावर घेऊन बघितला.

"डॉक्टर, हा प्यायचा की दाढीला लावायचा?"

बारीक हॉटेलवाला म्हणाला, "आमच्याकडे केशकर्तनालय नाही हो, नुसतं हॉटेल आहे."

ते गेले. डॉक्टर बाही पिळत म्हणाले, "आता काही म्हणायचंय?"

भावोजींना बरंच म्हणायचं होतं, पण ते त्यांनी डॉक्टरांना म्हटलं नाही. पुढचे दोन दिवस आम्हाला म्हटलं. काटा बदलून बघितला, काटा बरोबर. थर्मामीटर बरोबर. मोड आणलेलं धान्य पुरवणाऱ्या माल्टवाल्याला फोन करून त्याच्या मालाचा, गोदामाचा आणि एकूण खानदानाचा उद्धार केला. त्याचा माल बरोबर निघाला. बाटल्या धुणाऱ्याला विचारलं, "तू टाकीला हात लावला होतास?" तो म्हणाला, "मी जिन्याला पण लावत नाही." मला विचारलं, "तुझी लेबलं टाकीजवळ का होती?" लेबलांनी गॅस कसा वाढेल, असं मी विचारलं. त्यावर मिळालेलं उत्तर मी ताईला सांगितलं नाही.

शेवटी त्यांनी टाकीतून नवी बरणी भरली आणि या वेळी घरी नेली. ताईच्या स्वयंपाकघरात, शेगडीजवळ दोन दिवस. ताई म्हणाली, "मला ताप आला तेव्हा एवढ्या वेळा उठून बघितलं नव्हतं यांनी." दोन दिवसांनी आकडा आला दोन.

तीन नव्हे, दोन. म्हणजे पहिली बरणी खोटं बोलली होती. तिच्यातलं यीस्ट जेवण अर्धं टाकून उठलं होतं. त्यामुळे भावोजींनी वाट एका आकड्याने लवकर बंद केली आणि दुप्पट गॅस कोंडला. आणि यीस्ट अर्ध्या ताटावरून उठतं ते एकाच कारणाने. गारठ्याने.

"बरणी कुणी हलवली?" हे त्यांनी चहाच्या खोलीत उभं राहून विचारलं तेव्हा रस्त्यावरचा एक माणूस आत डोकावून गेला.

डॉक्टरही आले होते. आम्ही सगळे हात मागे बांधून उभे. मग झाडलोट करणाऱ्या अक्का पुढे झाल्या. वय पन्नाशीचं, आवाज इतका बारीक की ऐकायला वाकावं लागतं.

"मी हलवली, साहेब. रोज संध्याकाळी जाताना फ्रिजमध्ये ठेवायची. सकाळी सातला आले की परत फळीवर. पुसून."

"फ्रिजमध्ये?"

"लिहिलंय ना तसं."

त्यांनी फ्रिजच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे कागद होता. चौथा घाणा आंबला तेव्हा भावोजींना या खोलीत दुधाचं उघडं पातेलं सापडलं होतं, आणि घाणा त्यानेच आंबला असं ठरवून त्यांनी अक्कांचा असा पाणउतारा केला होता की दोन दिवस त्या कामावर आल्या नव्हत्या. मग भावोजींनी जाड्या पेनाने कागद लिहून डकवला. तीन महिने आम्ही सगळे त्याच्यासमोर चहा पीत होतो. आता पहिल्यांदा वाचत होतो.

'संध्याकाळी जाताना उघडी दिसेल ती प्रत्येक वस्तू फ्रिजमध्ये. सबबी नकोत. विचारायला येऊ नये.'

खाली सही. ठसठशीत, दोन रेघा मारलेली.

"फडक्याने बांधलेलं म्हणजे उघडंच की," अक्का म्हणाल्या. "पाचव्या वेळी ती तुमच्या टेबलावर होती, म्हणून नाही लावला हात. या वेळी फळीवर होती. विचारणार होते. पण नको लिहिलंय."

डॉक्टरांना खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं. "अक्का, उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. एवढ्या सहज, जसं 'चूळ भरा' म्हणतात.

मला वाटलं भावोजी आता अक्कांवर फुटणार. त्यांची मान लाल झाली होती, शीर ताठ झाली होती. ते फ्रिजकडे गेले, कागद एका ओढीत फाडला आणि डॉक्टरांच्या हातात दिला.

"सही वाचा."

"तुमची आहे."

"मग त्यांना कसं काढता?"

"अहो, पण अक्कल नको का माणसाला? प्रयोगाची बरणी—"

"विचारायला येऊ नये, असं लिहिलंय. मी लिहिलंय. त्या बाईंनी या शेडमध्ये एकटीने माझं म्हणणं अक्षरन् अक्षर ऐकलं. त्यांना काढायचं तर आधी मला काढा, आणि ते जमत नसेल तर दोघांना राहू द्या. पण मध्येच काही बोलू नका, माझं डोकं फिरलंय."

"म्हणजे घाणा तुमच्यामुळे फसला, असं धरू?"

"धरा."

"मग ठरल्याप्रमाणे चारही टाक्या सिलिंडरवर."

भावोजींनी दात इतके आवळले की डॉक्टरांनाही धंद्याच्या दृष्टीने काळजी वाटली असेल. "आहे तो घाणा मात्र माझ्या हाताने संपवू द्या," ते म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. नाहीतरी फेसाची टाकी त्यांना कुठे नेता येणार होती.

मग अकरा दिवस भावोजी सकाळ-दुपार जिना चढून थोडा थोडा गॅस सोडत राहिले. कान टाकीला, बोट व्हॉल्व्हवर, आणि तोंडाने अखंड पुटपुट. कुणाला शिव्या देताय, असं मी एकदा खालून विचारलं. "स्वतःला. तुला हव्यात का, उरल्यात थोड्या." मग महिनाभर थंडी. त्यानंतर नळ उघडला तेव्हा बिअर पिवळीधमक, बुडबुडे मोहरीहून बारीक, फेस शेवटच्या घोटापर्यंत. मी पहिला घोट घेतला आणि ज्या माणसाची तीन वर्षं चेष्टा केली त्याच्याकडे बघायला मला लाज वाटली.

डॉक्टर दोन ग्लास प्यायले. ओठ पुसले. म्हणाले, "उत्तम. आता सिलिंडरवर अशीच काढा."

यावर भावोजी काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. डॉक्टरांनाही नीट कळलं नसावं, कारण ते "हो हो" म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात भावोजींनी सोड्याच्या जुन्या कारखान्यातून भंगारात निघालेली एक बुटकी टाकी आणली. झाकण वाकडं, एक पाय आखूड, आतून गंजाचा ठिपका नाही. शेडच्या मागच्या भिंतीला लावली, पायाखाली छापखान्याचा लोखंडी ठोकळा दिला. डॉक्टरांनी विचारलं हे काय. "भंगार," भावोजी म्हणाले. दिवसभर ते चार टाक्यांची चावी फिरवतात, प्रत्येक वेळी चावीला नाव ठेवून. आणि मग मागे जाऊन त्या बुटकीजवळ उकिडवे बसतात. सातवा घाणा तिच्यात आहे. विकायला पुरणार नाही एवढाच.

बरणी परत फळीवर आलीय. फ्रिजच्या दारावर कागद नाही. चिकटपट्टीचे चार कोपरे राहिलेत, ते अक्कांनी घासले पण निघाले नाहीत. अक्का आता सगळं विचारतात. एकही गोष्ट सोडत नाहीत.

"साहेब, खिडकी लावू का?"

"लावा."

"पूर्ण की अर्धी?"

"पूर्ण."

"फडका मळलाय, बदलू का?"

"नको."

"बरणी हलवू का?"

"नको."

"पुसू का?"

भावोजींची मान लाल होते, भुवई तर आधीच वर असते. ते एक ते पाच आकडे मोजतात, हे मला ओठांवरून दिसतं.

"न हलवता पुसा," ते म्हणतात.

"न हलवता कशी पुसू?"

मग भावोजी उठतात, दोन्ही हातांनी बरणी धरून ठेवतात आणि अक्का तिच्याभोवती फडकं फिरवतात.